कौन्सिलची माहिती हातात आली, पण ती छापता येईल का?

इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरातून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत आणि त्या त्यांच्या डिपेंडंट (अवलंबित) म्हणून तिथे राहतात. भारतातून नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी त्यांना एक छोटी पुस्तिका काढायची आहे. मुलाला रिसेप्शनच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या, वर्गात प्रवेश कसा घ्यायचा, कोणत्या बिनमध्ये काय टाकायचे, कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे कौन्सिल या स्थानिक प्रशासनाच्या घरांवरील करात, सवलत कोणाला मिळते, अलॉटमेंटसाठी (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी) नाव कुठे नोंदवायचे, अशा गोष्टी त्यात मराठीत असतील. गणेशोत्सवात मंडळाच्या टेबलावर ती 3 पौंडांना ठेवायची असा बेत आहे. त्यासाठी त्यांनी एफओआय (फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन, म्हणजे ब्रिटनमधला माहिती अधिकार) अर्ज करून गेल्या तीन वर्षांत प्रत्येक प्राथमिक शाळेत शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, याचा तक्ता कौन्सिलकडून मागवून घेतला. शिवाय कौन्सिलच्या पत्रकांतील काही मजकूर, एक नकाशा आणि दोन-तीन छायाचित्रे वापरण्याचा त्यांचा विचार आहे. मात्र तक्त्यासोबतच्या पत्राच्या तळाशी, ही माहिती कॉपीराइटखाली असून ती अन्य प्रकारे वापरायची झाल्यास स्वतंत्र परवानगी घ्यावी, असा परिच्छेद आहे. यजमान म्हणतात, आपण कौन्सिल टॅक्स भरतो, माहिती आपलीच आहे. एक मैत्रीण म्हणते, नफा नाही म्हटल्यावर परवानगी कशाला? आणि या भगिनींना स्वतःला अशी धास्ती आहे की लेखी परवानगी मागितली तर आपले नाव कुठेतरी नोंदले जाईल आणि पुढे आयएलआरच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जात विघ्न येईल. ‘विचारू की नको?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रातली तीनही मते मी पुन्हा पुन्हा वाचली. तिन्हींत थोडे तथ्य आहे, परंतु तिन्ही एकाच गृहीतावर उभी आहेत. माहिती मिळवणे आणि माहिती वापरणे ही एकच गोष्ट आहे, असे तुम्ही तिघांनीही धरून चालला आहात. ब्रिटनच्या कायद्यात या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. 2000 सालच्या फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन कायद्याने तुम्हाला तो तक्ता पाहण्याचा, जवळ ठेवण्याचा आणि त्यावरून आपल्या मुलाच्या शाळेचा निर्णय घेण्याचा हक्क दिला. तो छापून विकण्याचा हक्क त्या कायद्याने दिलेला नाही. पत्राच्या तळाशी असलेला परिच्छेद हेच सांगतो. तो तुम्हाला उद्देशून मुद्दाम लिहिलेला नाही, बहुतेक एफओआय उत्तरांच्या शेवटी तो जवळजवळ त्याच शब्दांत असतो. त्यात धमकी शोधू नये, तसेच तो परिच्छेद निव्वळ औपचारिकता समजून ओलांडूनही जाऊ नये.

यजमानांच्या म्हणण्याकडे आधी वळतो. कौन्सिल टॅक्स भरल्याने कौन्सिलच्या कागदांवर मालकी येत नाही. ब्रिटनमध्ये मध्यवर्ती सरकारच्या खात्यांचे लेखन क्राउन कॉपीराइटखाली येते, पण स्थानिक कौन्सिले त्यात मोडत नाहीत. प्रत्येक कौन्सिल आपल्या पत्रकांची, अहवालांची आणि तक्त्यांची स्वतंत्र कॉपीराइटधारक असते. त्यामुळे सरकारी मजकूर सर्वांना खुला असतो असे ऐकून त्याच न्यायाने शेजारच्या कौन्सिलचा मजकूर उचलणे चुकीचे ठरते. असे असले तरी, लोकांनी ज्याचे पैसे एकदा भरले आहेत त्याचे पुन्हा पैसे मागू नयेत, हा त्यांच्या बोलण्यातला गाभा मात्र कायद्याने मान्य केलेला आहे. शुल्काच्या संदर्भात त्याकडे पुढे येईनच.

मैत्रिणीचे मत अधिक धोक्याचे आहे, कारण ते बरोबर वाटते. कॉपीराइट कायद्यात विनानफा संशोधनासाठी आणि खासगी अभ्यासासाठी सवलत आहे, मूळ स्रोताचा उल्लेख करून छोटा उतारा उद्धृत करण्याचीही मुभा आहे. चाळीस पानांची पुस्तिका छापून वाटणे यांपैकी कशातच बसत नाही, मग ती फुकट वाटा किंवा 3 पौंडांना विका. भाषांतराबद्दलही अनेकांचा गैरसमज असतो. इंग्रजी पत्रकाचे मराठी भाषांतर केले म्हणजे ते आपले झाले, असे होत नाही. दुसऱ्याच्या लेखनाचे भाषांतर प्रसिद्ध करायलाही मूळ धारकाची परवानगी लागते.

तथापि तुमच्या पुस्तिकेतला बराच मोठा भाग या प्रश्नाच्या बाहेरच आहे, हे तुमच्या ध्यानात आलेले दिसत नाही. कॉपीराइट शब्दरचनेवर असतो, वस्तुस्थितीवर नसतो. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये 25 टक्के सवलत मिळते. प्राथमिक शाळेच्या प्रवेशअर्जाची अंतिम तारीख 15 जानेवारी असते आणि शाळा कोणती मिळाली ते 16 एप्रिलला कळते. या गोष्टी कोणाच्या मालकीच्या नाहीत. पत्रक वाचा, बाजूला ठेवा आणि पुण्याहून किंवा नाशिकहून नुकत्याच आलेल्या एखाद्या आईला तुम्ही फोनवर जसे समजावून सांगाल तसे स्वतःच्या शब्दांत लिहा. त्यासाठी कोणालाही विचारावे लागत नाही. माझ्या मते पुस्तिकाही त्यामुळे चांगलीच होईल, कारण कौन्सिलच्या पत्रकांचे शब्दशः भाषांतर वाचवत नाही, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्याला ठाऊक आहे. शाळांच्या अंतराचा तक्ता मात्र वेगळा आहे. त्यातला एखादा आकडा सांगणे निराळे आणि परिश्रमपूर्वक जमवलेला संपूर्ण संच उचलून छापणे निराळे. अशा संचांना ब्रिटनमध्ये 1997 च्या नियमांनुसार डेटाबेसविषयक स्वतंत्र संरक्षण आहे. तेव्हा परवानगीचा खरा प्रश्न त्या तक्त्यापुरता, जसाच्या तसा घ्यायच्या मजकुरापुरता, नकाशापुरता आणि छायाचित्रांपुरता उरतो.

आता ‘विचारू की नको’ याकडे येऊ. तुम्ही परवानगी मागणे म्हणजे साहेबाच्या मर्जीवर अवलंबून राहणे, असे धरले आहे. 2015 साली लागू झालेल्या सार्वजनिक क्षेत्रातील माहितीच्या पुनर्वापराच्या नियमांनी चित्र जवळजवळ उलटे केले आहे. आपल्या सार्वजनिक कामाचा भाग म्हणून तयार केलेला आणि स्वतःच्या कॉपीराइटखाली असलेला दस्तऐवज कोणी पुन्हा वापरू देण्याची विनंती केली, तर कौन्सिलने सर्वसाधारणपणे परवानगी द्यावी, असा मूळ नियम आहे. नाकारायचे झाल्यास कारण लेखी सांगावे लागते. व्यावसायिक उपयोग आहे एवढ्यावरून नकार देता येत नाही आणि एकसारख्या उपयोगासाठी एकाला एक अट व दुसऱ्याला दुसरी असा भेदभावही करता येत नाही. मोठ्या मालमत्ता-संकेतस्थळाला जो तक्ता वापरू दिला जातो, तो तुम्हाला तुमची पुस्तिका मराठीत आहे किंवा छोटी आहे म्हणून नाकारता येणार नाही.

इथे भारतातून आलेल्या वाचकांची हमखास गफलत होते. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात अर्जदाराला कारण विचारता येत नाही, हे आपल्याकडे सर्वांना पाठ असते. ब्रिटनमधल्या एफओआय अर्जातही कारण द्यावे लागत नाही. पुनर्वापराच्या अर्जात मात्र माहिती कशासाठी वापरणार ते लिहिणे बंधनकारक आहे. त्यामुळे तिथे उद्देश विचारला की आपल्या माणसाला लगेच अडवणूक वाटू लागते. वास्तविक उद्देश सांगितल्याखेरीज परवानगी कशाची द्यायची, हेच समोरच्याला ठरवता येणार नाही. संकोच न करता, विक्रीसकट सगळे लिहा. 3 पौंड ही किंमत लपवून मिळवलेली परवानगी पुढे कुचकामी ठरेल.

कौन्सिलने होकार दिला तरी जे तिचे नाही ते ती देऊ शकत नाही, आणि तुमच्या यादीतला निम्मा माल तसा आहे. तुम्हाला आवडलेला शाळांचा नकाशा घ्या. त्याच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत कॉपीराइटची खूण, एक वर्ष, ऑर्डनन्स सर्व्हे हे नाव आणि एक लांबलचक परवाना क्रमांक छापलेला सापडेल. भिंग घ्यावे लागले तरी ती ओळ वाचाच. तिचा अर्थ असा की रस्ते आणि इमारती दाखवणारा पायाभूत नकाशा देशाच्या सर्वेक्षण संस्थेचा आहे, कौन्सिलने तो स्वतःच्या परवान्यावर घेऊन त्यावर शाळांचे ठिपके टाकले आहेत. ठिपके कौन्सिल तुम्हाला देऊ शकेल, त्याखालचा कागद तिला देता येणार नाही. या एका नकाशापायी महिने घालवू नका. ऑर्डनन्स सर्व्हेने 2010 पासून आपले काही नकाशे खुले केले आहेत, आणि 2004 मध्ये ब्रिटनमध्येच सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला नकाशा श्रेय देण्याच्या अटीवर कोणालाही छापता येतो. त्यावर शाळा स्वतः मांडणे हे संगणक हाताळणाऱ्या कोणाही तरुणाचे एका संध्याकाळचे काम आहे.

छायाचित्रांच्या बाबतीत मी तुम्हाला थेट ‘नको’ म्हणेन. पत्रकांतली छायाचित्रे अनेकदा बाहेरच्या छायाचित्रकाराची किंवा विकत घेतलेली असतात. त्यांत शाळेतली मुले दिसत असतील तर त्यांच्या पालकांनी दिलेली संमती कौन्सिलच्या पत्रकापुरती असते, मंडळाच्या टेबलावरच्या पुस्तिकेपुरती नसते. ग्रंथालयाच्या बाहेरून आणि उद्यानाच्या फाटकाचे फोटो तुम्ही स्वतः काढा. कौन्सिलचे बोधचिन्हही मुखपृष्ठावर घेऊ नका. बोधचिन्हे आणि राजमुद्रा पुनर्वापराच्या नियमांतून वगळलेल्या आहेत, शिवाय ते चिन्ह पाहून पुस्तिका कौन्सिलनेच काढली आहे असा वाचकांचा समज होईल, तो नको. शहराचे जुने छायाचित्र कौन्सिलच्या अभिलेखागारातून घेण्याचा मोह कोणाला झाला, तर ग्रंथालये, संग्रहालये आणि अभिलेखागारे यांना वेगळी मुभा आहे, हे लक्षात असावे: स्वतःचा कॉपीराइट असलेल्या गोष्टींना परवानगी द्यायची की नाही हे त्या ठरवू शकतात आणि शुल्कही अधिक घेऊ शकतात.

अर्ज लिहायला बसण्याआधी एक शोध घ्या. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तळाशी कॉपीराइटचे पान असते, काही कौन्सिलांचे खुल्या माहितीचे स्वतंत्र पानही असते. तुम्हाला हवी असलेली माहिती ‘ओपन गव्हर्न्मेंट लायसन्स’खाली आहे असे तिथे लिहिलेले असेल, तर अर्जाची गरजच नाही. 2010 साली आलेला आणि सध्या तिसऱ्या आवृत्तीत असलेला हा परवाना नकल, छपाई, फेरफार आणि विक्री या सर्वांना मोफत परवानगी देतो. बदल्यात स्रोताचे श्रेय द्यावे लागते आणि अधिकृतपणाचा आव आणता येत नाही. व्यक्तिगत माहिती, बोधचिन्हे आणि तिसऱ्या पक्षाचे हक्क त्यातही येत नाहीत. प्रवेशाच्या अंतरांचा तक्ता अनेक कौन्सिले दर वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत स्वतःहून छापतात, तोही आधी तिथे पाहा. शाळांची नावे-पत्ते तर शिक्षण खात्याच्या राष्ट्रीय यादीत मिळतात.

शोधूनही परवाना दिसला नाही, तर अर्ज करा, आणि त्यात एकट्या तुमच्या पुस्तिकेपुरती परवानगी मागण्याऐवजी तो तक्ता ओपन गव्हर्न्मेंट लायसन्सखाली द्यावा अशी विनंती करा. या पत्रातला सर्वांत उपयोगाचा सल्ला मी हाच मानतो. पुस्तिकेपुरती परवानगी घेतलीत आणि पुढच्या वर्षी तीच माहिती संकेतस्थळावर टाकावीशी वाटली, तर पुन्हा अर्ज आलाच. शिवाय परवाना खुला झाला की गुजराती, तेलुगू किंवा पोलिश कुटुंबांसाठी असेच काही करू पाहणाऱ्या शेजाऱ्यालाही तो आपोआप मिळतो. मराठी पुस्तिकेसाठीचा मक्ता तुम्हाला एकटीला मिळावा, असा विचार मंडळात कोणाच्या मनात आला असेल तर तो सोडून द्या. अशा एकाधिकारी करारांना नियमांत मोजक्या अपवादांखेरीज मनाई आहे.

अर्ज लेखी हवा, ईमेल चालतो. त्यात तुमचे नाव, उत्तरासाठी पत्ता, नेमका कोणता दस्तऐवज आणि कशासाठी, या चार गोष्टी असल्या म्हणजे पुरे. इंग्रजीत तो साधारण अशा आशयाचा असावा: ‘अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या एफओआय उत्तरासोबत आपण दिलेला प्राथमिक शाळांच्या प्रवेश-अंतरांचा तक्ता मी 2015 च्या पुनर्वापर नियमांनुसार वापरू इच्छिते. नव्याने आलेल्या मराठी भाषक कुटुंबांसाठीच्या छापील पुस्तिकेत तो मराठीत भाषांतरित करून द्यायचा असून पुस्तिकेची किंमत 3 पौंड राहील. तो ओपन गव्हर्न्मेंट लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीखाली उपलब्ध करावा. तक्त्यातील काही भागावर अन्य कोणाचा हक्क असल्यास तो भाग आणि माहीत असल्यास हक्कधारकाचे नाव कळवावे.’ शेवटचे वाक्य गाळू नका. तिसऱ्या पक्षाच्या हक्कामुळे नकार द्यायचा असेल, तर तो पक्ष माहीत असल्यास कळवणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. ‘भाषांतर’ हा उल्लेख आणि एफओआयचा संदर्भ क्रमांकही सुटू नये. ज्या खात्याने माहिती दिली त्याच्याशी फोनवर गप्पा मारून ‘हो, वापरा की’ असे तोंडी उत्तर मिळवण्यात अर्थ नाही. बोलणारी व्यक्ती चांगल्या मनाने बोलते, पण तिला तो अधिकार असतोच असे नाही.

उत्तरासाठी कौन्सिलला कामाचे 20 दिवस मिळतात. मागणी मोठी किंवा गुंतागुंतीची असेल तर मुदत वाढवता येते, पण तसे तुम्हाला कळवावे लागते. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे मोजले जात नसल्याने ही मुदत प्रत्यक्षात किमान चार आठवड्यांची होते, आणि ऑगस्टमध्ये अर्ज केलात तर भाद्रपदातल्या गणपतीला पुस्तिका हाती येण्याची आशा करू नका. शुल्काचा मुद्दा इथे येतो. कौन्सिलने शुल्क घ्यायचे ठरवलेच, तर ते नकल काढण्याच्या आणि पाठवण्याच्या प्रत्यक्ष वाढीव खर्चापुरतेच असावे, हा सर्वसाधारण नियम आहे. जो तक्ता तुमच्या ईमेलमध्ये आधीच येऊन पडला आहे त्याचा असा खर्च किती असणार? मोठा आकडा आला तर तो कसा काढला हे नम्रपणे विचारा. नकार आला, मुदत उलटली किंवा अट पटली नाही, तर प्रथम कौन्सिलच्याच अंतर्गत तक्रार प्रक्रियेत जा, तिथेही समाधान झाले नाही तर इन्फर्मेशन कमिशनरकडे (माहितीच्या कायद्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) तक्रार करता येते आणि त्यांच्या निर्णयावर न्यायाधिकरणात दाद मागता येते. इतक्या लांब जावे लागेल असे मला वाटत नाही. बहुतेक वेळा विलंब होतो तो अर्ज चुकीच्या खात्यात पडून राहिल्यामुळे, म्हणून तो एफओआय किंवा इन्फर्मेशन गव्हर्नन्सच्या पत्त्यावरच पाठवावा.

तक्ता छापताना प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष द्या. शेवटच्या जागेचे अंतर दर वर्षी बदलते; भावंडे किती, नवी घरे किती, यांवर ते मागेपुढे होते. त्या आकड्याच्या भरवशावर कोणी घर भाड्याने घेतले आणि जागा मिळाली नाही, तर परवानगी असूनही तुम्हाला वाईट वाटेल. काही रकान्यांत आकड्याऐवजी तारका असेल. मुलांची संख्या फार लहान असताना कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून तो आकडा झाकतात. इतर रकान्यांवरून वजाबाकी करून तो काढू नका आणि पुस्तिकेत तारका तशीच ठेवा.

तुमच्या धास्तीबद्दल सर्वांत शेवटी लिहितो आहे, कारण तिची तीव्रता मी समजू शकतो. परदेशात व्हिसावर राहताना प्रत्येक लेखी कागद आपल्याविरुद्ध वापरला जाईल असे वाटत राहते. परंतु आयएलआरचा निर्णय गृह खाते घेते आणि पुनर्वापराचा अर्ज कौन्सिलच्या माहिती विभागाच्या नोंदवहीत राहतो. कायद्याने दिलेली विनंती करणे ही तुमच्या चारित्र्यावरची नोंद नव्हे. न विचारता छापलेत तर मात्र कौन्सिलला किंवा नकाशाच्या मालकाला हरकत घेण्याचे कारण आयतेच मिळेल. व्हिसाच्या दृष्टीने मला दुसरीच गोष्ट खटकली. पुस्तिका यजमानांच्या नावाने काढून पैसेही त्यांच्या खात्यात घ्यायचे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्यांच्या व्हिसावर नोकरीबाहेरच्या कामाला मर्यादा आहेत. डिपेंडंट म्हणून तुम्हाला स्वतंत्र व्यवसायासह काम करण्याची मुभा असते. आपापल्या व्हिसापत्रातल्या अटी एकदा वाचून घ्या आणि त्या तशाच असतील तर प्रकाशक म्हणून स्वतःचे नाव घाला किंवा विक्री सरळ मंडळाकडे सोपवा. वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतच्या किरकोळ व्यावसायिक उत्पन्नावर करसवलत असल्याने 3 पौंडांच्या पुस्तिकेने कराचा बोजा वाढेल, ही चिंता करू नये.

छपाईवाल्याला आगाऊ रक्कम मात्र परवानगीचे उत्तर लेखी हाती येईपर्यंत देऊ नका. तोवर तक्त्याची दोन पाने कोरी ठेवून बाकीची पुस्तिका लिहून होऊ शकते, आणि उत्तर वेळेत आले नाही तर त्या दोन पानांवर कौन्सिलच्या प्रवेशपुस्तिकेचा पत्ता आणि ती कशी वाचावी याचे तुमच्या शब्दांतले मार्गदर्शन छापून पहिली आवृत्ती काढता येईल.